विज्ञानाची उजळणी आठवी-नववीतच हवी!

दहावीचा निकाल लागला की वस्त्यावस्त्यांतून गुणवंतांच्या सत्काराचे फलक झळकू लागतात. विहारासमोर मांडव पडतो, मुलांना फुले, पेन, वह्या दिल्या जातात, शिक्षणाचे महत्त्व सांगणारी तीन-चार भाषणे होतात. हे सारे व्हायलाच हवे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या पायरीवर बसवले जात होते, त्यांच्या नातवंडांचे कौतुक करायचे नाही तर कुणाचे करायचे? पण त्या मांडवात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. यांतल्या किती मुलांनी अकरावीला विज्ञान शाखा घेतली? ज्यांनी घेतली नाही त्यांनी आवड नाही म्हणून सोडली, की भीती वाटली म्हणून? आणि ज्यांनी घेतली त्यांतली बारावीपर्यंत टिकली किती?

‘सायन्स आमच्या पोराला झेपत नाही हो,’ असे पालक सहज बोलून जातात. मुलगाही मान खाली घालून ते ऐकून घेतो. आमचे म्हणणे असे आहे की, झेपण्या न झेपण्याचा निकाल अकरावीत लागत नाही. तो आठवी-नववीत लागून गेलेला असतो; फक्त तेव्हा त्याची गुणपत्रिका कुणी हातात देत नाही!

आठवी हा शिक्षणातला सांधा आहे. गावोगावी जिल्हा परिषदेची शाळा बहुधा सातवीला संपते. आठवीला मूल तालुक्याच्या किंवा बाजारगावच्या हायस्कुलात जाते. तिथे चार गावांतली, चार शाळांतली मुले एका बाकावर येतात. कुणाच्या शाळेत विज्ञानाला स्वतंत्र शिक्षक होता, कुणाच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एकच गुरुजी. हायस्कूलचे सर मात्र असे धरून चालतात की मागचे सगळ्यांना येतेच. २०१८ साली बालभारतीने काढलेले आठवीचे विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहा. अणूचे अंतरंग, द्रव्याचे संघटन, बल व दाब, पेशी व पेशीअंगके, रासायनिक बदल व रासायनिक बंध असे एकाहून एक पायाचे धडे त्यात आहेत. पुस्तक वाईट नाही. पण मूलद्रव्य आणि संयुग यांतला फरक ज्याच्या डोक्यात सहावी-सातवीत बसला नाही, त्याला अणूचे अंतरंग उघडून काय दिसणार? तो पाठ करतो. नववीत आणखी पाठ करतो. दहावीत विज्ञानाची दोन पुस्तके, चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आणि वीस गुणांचे प्रात्यक्षिक. तिथेही पाठांतरावर आणि अपेक्षित प्रश्नसंचावर निभावून नेतो. आमच्या परीक्षेत ‘शास्त्रीय कारणे लिहा’ असा एक प्रश्न असतो. गंमत म्हणजे मुले ही शास्त्रीय कारणेसुद्धा गाईडमधून पाठ करून लिहितात! कारण पाठ केले की ते कारण राहत नाही, मंत्र होतो. मंत्र पाठ करण्याचे शिक्षण ज्यांना सोयीचे होते त्यांचे ते होते. आपल्याला त्याचा उपयोग काय?

दहावीच्या वर्षी मग धावाधाव सुरू होते. कर्ज काढून, दागिना गहाण टाकून शिकवणी लावली जाते. ही वरातीमागून घोडी. शिकवणीवाल्याला बोर्डाच्या परीक्षेतले गुण हवे असतात. तोही मागे वळून सातवी-आठवीचे काही सांगत बसत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करण्यातही अर्थ नाही.

उजळणी या शब्दाचा जरा विचार करा. उजळणी म्हटले की आपल्याला एकदम पाढे आठवतात. बे एके बे, बे दुणे चार. म्हणजे तेच ते पुन्हा म्हणणे. पण घरात तांब्याचा हंडा उजळतात तेव्हा काय करतात? आई चिंचेचा कोळ घेते, हंड्याला चोळते आणि काळपट थर निघून आतले लालसर तांबे वर येते. चिंचेत आम्ल असते, तांब्यावरचा काळा थर ऑक्साइडचा असतो, आम्ल त्याला विरघळवून पाण्यात नेते. आठवीतले ‘आम्ल, आम्लारी ओळख’ आणि ‘धातू-अधातू’ हे दोन धडे त्या मोरीत एकत्र येतात. आईला त्यांची नावे ठाऊक नसतात आणि मुलाला नावे पाठ असली तरी मोरीत ते धडे दिसत नाहीत. विज्ञानाची उजळणी म्हणजे ही दोघे एकमेकांना भेटणे.

आता एक-दोन प्रश्न आम्ही पालकांपुढे आणि आपल्या शिकलेल्या तरुणांपुढे ठेवतो. आठवी-नववीच्या मुलाला ते विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न. दारातले लिंबाचे झाड दहा वर्षांत एवढे मोठे झाले. त्याचे एवढे लाकूड आले कुठून? दहापैकी बहुतेक मुले सांगतील, मातीतून. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या त्यांना तोंडपाठ असेल, तरीही ती मातीतून असेच सांगतील. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मोंट नावाच्या संशोधकाने हाच प्रश्न धरला. त्याने वाळवलेली माती वजन करून कुंडीत भरली, विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड सुमारे १६४ पौंडांनी वाढले आणि माती जेमतेम दोन औंसांनी कमी झाली! त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यातून आले. तो अर्धाच बरोबर होता. लाकडातला कार्बन येतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. म्हणजे ज्या हवेला आपण ‘काहीच नाही’ म्हणतो तिच्यातून झाडाचे खोड उभे राहते. हवेला वस्तुमान असते ही भौतिकातली गोष्ट, कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत कार्बनचा अणू असतो ही रसायनातली, आणि पानातले हरितलवक उन्हाच्या जोरावर तो अणू अन्नात बसवते ही जीवशास्त्रातली. एका प्रश्नात तिन्ही विषयांची उजळणी झाली. आणि झाड दिवसा प्रकाशसंश्लेषण करते व रात्री श्वसन करते, हा मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेला गैरसमजही याच वेळी काढता येतो. झाड श्वसन दिवसाही करते आणि रात्रीही करते.

दुसरा प्रश्न हमालाचा. नववीच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. मग हमाल डोक्यावर चाळीस किलोचे पोते घेऊन सपाट फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य केले? उत्तर आहे, शून्य! ज्या मुलाचा बाप मार्केट यार्डात पोती वाहतो, ज्याची आई बांधकामावर पाट्या उचलते, त्या मुलाला हे उत्तर कसे वाटत असेल? दिवसभर घाम गाळून येणाऱ्या बापाच्या कामाला पुस्तक शून्य म्हणते! वर्गात ते बोलत नाही. परीक्षेत शून्य लिहिते आणि मनात ठरवून टाकते की या पुस्तकाचा आणि आपल्या घराचा काही संबंध नाही.

इथे शिकवणारा दोन मिनिटे थांबला पाहिजे. पोते उचलून धरण्याचे बल वरच्या दिशेने आहे आणि चालणे आडवे आहे. म्हणून पोत्याच्या ऊर्जेत काही भर पडत नाही, एवढाच त्या शून्याचा अर्थ. तोच हमाल पोते घेऊन पाच मीटर उंचीच्या पुलावर चढला तर नुसत्या पोत्यावर सुमारे दोन हजार ज्यूल कार्य होते, हा हिशेब मुलाकडून करून घ्यावा. पण मग सपाट फलाटावर त्याला घाम का येतो? कारण स्नायू म्हणजे खुंटी नव्हे. ओझे नुसते पेलून धरायलाही स्नायूंतले तंतू सतत आखडत आणि सुटत राहतात, त्यासाठी पेशींत ग्लुकोज जळते, ऊर्जा खर्च होते आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. बापाच्या घामाचे उत्तर जीवशास्त्राच्या धड्यात आहे. दोन धडे जोडले की शून्यही खरे आणि घामही खरा. आणि जाता जाता डोक्यावरच्या चुंबळीविषयीही विचारावे. चुंबळ कशासाठी? ओझे तेवढेच राहते, पण ते टेकण्याची जागा वाढते आणि दाब कमी होतो. दाबाचे सूत्र आपल्या आया-बहिणींच्या डोक्यावर पिढ्यान् पिढ्या आहे.

तिसरी गोष्ट प्रश्न म्हणून विचारताना हात थरथरतो, पण ती टाळणे हा गुन्हा ठरेल. गटारात, मैल्याच्या टाकीत उतरून माणसे मरतात. कोणत्या समाजाची माणसे मरतात हे आम्ही सांगायला नको. बातमीत दोन ओळी येतात, ‘विषारी वायूने गुदमरून मृत्यू’. हा विषारी वायू कोणता? बहुधा हायड्रोजन सल्फाइड. प्राणवायू न मिळणाऱ्या सांडपाण्यात आणि गाळात जिवाणू गंधकयुक्त पदार्थांचे विघटन करतात, त्यातून तो तयार होतो. नववीच्या मुलाला हायड्रोजनचे अणुवस्तुमान १ आणि गंधकाचे ३२ हे शिकवलेले असते. हायड्रोजनचे दोन अणू आणि गंधकाचा एक, मिळून रेणुवस्तुमान ३४. हवेचे सरासरी २९ च्या आसपास. म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड. झाकण थोडा वेळ उघडे ठेवले म्हणून तो आपण होऊन वर निघून जात नाही. तळाशी साचून राहतो. त्यातून गाळात काठी किंवा फावडे घातले की विरघळलेला वायू एकदम उसळून बाहेर येतो. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की तो वास ओळखण्याची नाकाची शक्तीच तो मारून टाकतो. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला. प्रत्यक्षात मरण गळ्याशी आलेले असते. फुप्फुसांत प्राणवायू आला तरी पेशीतल्या तंतुकणिकांना तो वापरता येऊ नये अशी नाकेबंदी हा वायू करतो. वर उभा असलेला भाऊ किंवा जोडीदार त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. दिवा किंवा मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीतही फसवी आहे. दिवा जळला तर प्राणवायू आहे एवढेच कळते, विष नाही असे कळत नाही. आणि त्याच टाकीत मिथेन असला तर स्फोट होतो.

अणुवस्तुमान, घनता, सूक्ष्मजीव, श्वसन, पेशी. यांतले एकही प्रकरण आठवी-नववीच्या बाहेरचे नाही. पण ही पाच प्रकरणे कधी एका जागी आणून कुणी शिकवतो का?

कुणी म्हणेल, आमच्या पोरांनी गटारात उतरण्याचे शास्त्र शिकायचे काय? अजिबात नाही! न उतरण्याचे शिकायचे. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा धोकादायक सफाईसाठी उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण मुकादम जेव्हा ‘पाच मिनिटांचे काम आहे, झाकण तासभर उघडेच होते’ असे सांगतो, तेव्हा न्यायालय तिथे उभे नसते. तिथे घरातले नववीतले मूल आठवले पाहिजे, जे आदल्या रात्री म्हणाले होते की तासभराने काही होत नाही, तो वायू जड असतो.

महाडचा इतिहासही विज्ञानाच्या तासाला सांगायला हरकत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. नंतर सनातन्यांनी ते तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. त्याच्या चार दशके आधी, १८८४ साली, रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जिवाणू आणि दूषित पाणी यांचा संबंध दाखवून दिला होता. आता आठवीच्या मुलाला सूक्ष्मजीवांचा धडा उजळताना विचारा. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीने पाणी दूषित झाले, की शेणाच्या घागरीने? हे उत्तर पाठ करावे लागत नाही.

आता भाषेचा अडसर. हा विषय आम्ही मुद्दाम सविस्तर घेतो, कारण विज्ञान अवघड आहे असे जे आपल्या मुलांना वाटते त्यातला मोठा भाग विज्ञानाचा नसून शब्दांचा असतो. अपवर्तन, परासरण, संप्लवन, आम्लारी, संयुजा, त्वरण. हे शब्द कोणत्या वस्तीत बोलतात? ज्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांच्या लेकरांना आज विज्ञान संस्कृतच्या चाळणीतून घ्यावे लागते! बाजारात आपण ज्याला वजन म्हणतो त्याला पुस्तक वस्तुमान म्हणते, आणि पुस्तक ज्याला वजन म्हणते ते न्यूटनमध्ये मोजते. मूल गोंधळणार नाही तर काय करणार? एवढे करून मूल कसेबसे त्या शब्दांना सरावते, तोवर अकरावी येते आणि विज्ञान शाखेत सगळेच इंग्रजी. परासरण पाठ केलेल्या पोरासमोर ऑस्मोसिस उभे राहते. तेच ते बटाट्याच्या फोडीवर मीठ टाकल्यावर सुटणारे पाणी. पण त्याला वाटते हे काहीतरी नवीन आहे, आणि नवीन सगळे आपल्याला अवघड. सेमी इंग्रजीच्या मुलांची तऱ्हा उलटी. त्यांना इंग्रजी शब्द येतात, पण त्यांचा अर्थ घरच्या भाषेत सांगता येत नाही.

यावर आमचा उपाय साधा आहे. आठवीपासून प्रत्येक मुलाने एक वही घालावी. पानाच्या तीन उभ्या ओळी. पहिल्या ओळीत पुस्तकातला मराठी शब्द, दुसऱ्या ओळीत इंग्रजी शब्द, आणि तिसऱ्या ओळीत आपल्या घरातले, गल्लीतले उदाहरण. बाष्पीभवन, इव्हॅपोरेशन, माठ. आणि माठापुढे एक ओळ आणखी: विदर्भात एप्रिलमध्ये माठातले पाणी गार होते आणि कोकणात तेवढे होत नाही, कारण कोकणातली हवा आधीच ओली असते. दोन वर्षांत अशी दोन-तीनशे नावे गोळा झाली की अकरावीची भीती निम्मी पळेल. तिसरी ओळ मात्र गाईडमधून भरू देऊ नये. ती आई-बापाला, आजीला विचारून भरावी. ज्या घरात कुणी दहावी झालेले नाही तिथे ही ओळ अधिक चांगली भरली जाते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

विज्ञान आपल्या उन्नतीला किती आवश्यक आहे हे बाबासाहेबांनी कधीच ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला दिले. त्यात कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी स्पष्ट मांडले आणि देशातल्या अशा शिक्षणासाठी दरसाल दोन लाख व परदेशातील शिक्षणासाठी एक लाख रुपयांची शिष्यवृत्ती मागितली. हे लिहिणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा पंडित होता, हे ध्यानात घ्या! मेघनाद साहांचेही उदाहरण आपल्या मुलांना सांगायला हवे. आजच्या बांगलादेशातल्या एका खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीमुळे अवहेलना सोसून त्याने १९२० साली ताऱ्यांच्या वातावरणाविषयीचे ते समीकरण मांडले, ज्यावर पुढचे ताऱ्यांचे भौतिकशास्त्र उभे राहिले.

शासनाला यात काही करायचे नाही, असे नाही. कोरोनात शाळा बंद राहिल्यावर २०२१ साली शासनानेच पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला होता. मागच्या इयत्तेची उजळणी केल्याशिवाय पुढचे शिकवता येत नाही, हे त्यामुळे सरकारी कागदावर मान्य झाले. मग तो सेतू एका साथीपुरता का? ज्या मुलांच्या घरात कायमच शाळा बंद असल्यासारखी परिस्थिती असते, त्यांच्यासाठी आठवीच्या जून-जुलैत तो दरवर्षी का नको? २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणण्याचा निर्णय झाला. नापास करणे हा उपाय आहे असे आम्ही मानत नाही. नापास झालेला आपला मुलगा पुनर्परीक्षेऐवजी वीटभट्टीवर जातो. आधी शिकवा, मग तपासा! प्रयोगशाळांविषयी तर न बोललेले बरे. अनेक ठिकाणी कपाटाला कुलूप आणि प्रयोगवही वर्गमित्राच्या वहीवरून उतरवलेली. परीक्षानळी हातात न धरता प्रात्यक्षिकाचे गुण मिळतात.

पण शासन जागे होईपर्यंत पोरे मोठी होऊन जातील. आपल्याकडे विहारे आहेत, अभ्यासिका आहेत, नोकरदारांच्या संघटना आहेत, अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग शिकणारी मुले-मुली आहेत. रविवारी दोन तास एवढेच हवे. भांडवल फारसे लागत नाही. पानाच्या टपरीवरून चुना आणा, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी काढा आणि मुलांना नळीने त्यात फुंकायला लावा. निवळी दुधाळ होते. आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची चुनखडी केली, आणि सफेदी केलेली भिंत हळूहळू पक्की होते तीही याच कारणाने. सफेदीचे काम करणारा काका त्या दिवशी वर्गाचा पाहुणा असावा. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवतो. एक साधा सूक्ष्मदर्शक वस्तीच्या वर्गणीतून येतो. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे बिल किती होते ते ज्याचे त्याने आठवावे.

दोन गोष्टींचे भान ठेवावे. उजळणी वरच्या इयत्तेकडून खाली करायची. नववीचे अडले तर आठवीचे पान, तिथे अडले तर सातवीचे, आणि तिथेही अडले तर बहुधा अपूर्णांक आणि गुणोत्तर येत नसते. मग लाज न बाळगता तिथून सुरुवात. रासायनिक समीकरण संतुलित न होणाऱ्या कित्येक मुलांची अडचण गणिताची असते. आणि दुसरे, मुलींना पुढच्या ओळीत बसवा. घरी पाणी भरणे, धाकट्यांना सांभाळणे उरकून ती येते, म्हणून उशिरा येते आणि मागे बसते. तार आणि बॅटरी जोडायची वेळ आली की मुले हिसकावून घेतात. बल्ब पेटवायचे काम तिच्याच हाती द्या.

अशा वर्गासाठी मागच्या इयत्तांची पुस्तके लागतात, आणि नेमकी तीच घरात नसतात. आठवीपर्यंतची पुस्तके सरकारी शाळांत फुकट मिळतात, निकाल लागला की रद्दीत जातात. सत्काराच्या त्याच मांडवात यंदा एक रिकामे खोके ठेवा आणि सहावी, सातवी, आठवीची विज्ञानाची पुस्तके त्यात टाकायला सांगा. विहारातल्या कपाटाचा खालचा कप्पा त्यांना पुरेल.